दोन रकान्यांची शेळी

तुळजापूर,
१४ जानेवारी २०२५

चि. जाई,

आशीर्वाद आणि तिळगूळ दोन्ही कल्याणप्पाकडं दिले आहेत. आशीर्वाद तुझ्यापर्यंत पोचतील, तिळगुळाची खात्री नाही. तुमच्या पेपरचे गठ्ठे पहाटे इथं टाकून त्याची जीप धाराशिवला रिकामी परत जाते, आणि रिकाम्या जीपमध्ये माणसाला भूक लागते.

फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसऱ्या हातानं चित्र काढत असतेस, ते मला इथं ऐकू येतं. कागदावर लिहिलं की निदान दोनदा वाचावं लागतं. एकदा अक्षर लावायला, एकदा अर्थ लावायला.

तर अर्थाकडं येते. ‘दैनिक माळरान’च्या शेवटच्या पानावरची तुझी ‘काळी’ रोज कापून वहीत चिकटवणारी त्रेपन्न वर्षांची संस्कृत शिक्षिका अख्ख्या तुळजापुरात मी एकटीच असेन. शेळी बोलत नाही, कुणाच्याही सभेला आमंत्रण नसताना जाते, आणि जो कागद खोटा असेल तो खाते. एवढीच तिची विद्या. माझ्या नववीच्या वर्गाला माझं व्याकरण कळत नाही, पण काळी कळते.

काल वही चाळताना एक मौज दिसली. एक तारखेपासून काळी सोमवारी सत्तेतल्यांचा कागद खाते आणि मंगळवारी सत्तेबाहेरच्यांचा. बुधवारी पुन्हा सत्तेतले, गुरुवारी बाहेरचे. एक दिवस चुकलेला नाही. संस्कृतात द्विवचन आहे हे खरं, पण म्हणून जगात सगळं जोडीनंच घडतं असं आम्ही मुलांना शिकवत नाही. त्यातून तुझी सोम-बुध-शुक्रची काळी हसवते, आणि मंगळ-गुरू-शनिची नुसती चरते.

हे काय चाललं आहे? शेळीला कुणी वैद्यानं पथ्य सांगितलं आहे का?

तुझी
वनमाला आत्या


धाराशिव,
१८ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. दिवसभर टेबलावर वाकून मान धरली आहे, म्हणून थोडाच वाकून केला, समजून घ्या. तिळगूळ मिळाला. सात वड्या. तुम्ही किती दिल्या होत्या ते सांगू नका, कल्याणप्पांशी मला रोज बोलावं लागतं.

पथ्य वैद्यानं नाही, आमच्या संपादकांनी सांगितलंय. डिसेंबरात सत्तेतल्यांची दहा-बारा माणसं ऑफिसात आली. पुढारी टेबलावर पेपर आपटून म्हणाले, "बिभीषण सर, तुमची शेळी आमच्याच रानात का शिरती? त्यांच्या बांधाला काटे हायेत का?"

बिभीषण सरांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर भिंतीवर एक तक्ता लावला. दोन रकाने. एक सत्तेतल्यांचा, एक बाहेरच्यांचा. रोज चित्र छापलं की सर स्वतः स्केचपेननं फुली मारतात. मला म्हणाले, "जाई, मार्चअखेर दोन्हीकडं सारख्या फुल्या दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर शेळी बंद, तिथं राशिभविष्य."

मी भांडले. म्हणाले, "सर, ज्यांच्या हातात कारभार त्यांच्याच चुका जास्त होणार ना?" सर म्हणाले, "ते तुला कळतं, मला कळतं. जाहिरात देणाऱ्याला फुल्या कळतात."

मला काळी बंद व्हायला नकोय, आत्या. सहा वर्षं झाली तिला. पण बाहेरच्यांचा माल संपलाय. ते बिचारे निवेदन देतात आणि घरी जातात. त्यांच्यावर आठवड्याला तीन विनोद कुठून आणू? तुमच्याकडं तालुक्यातली माणसं येतात-जातात. काही असेल तर कळवा ना. बारीकसारीकही चालेल.

तुमची
जाई


तुळजापूर,
२९ जानेवारी

चि. जाई,

न्हावी एका गालाची दाढी करतो म्हणून दुसऱ्या गालावरही वस्तरा चालवतो हे योग्यच. पण दुसऱ्या गालावर दाढीच नसेल तर तो काय कापतो, हे तुझ्या संपादकांना विचार. असो. पोटापाण्याचा प्रश्न आहे, तेव्हा मी माझ्या परीनं गवत पाठवते.

माळगाव तुला ठाऊक आहे. जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत. तिथल्या सरपंच मथुराबाई सत्तेबाहेरच्या गटाच्या. लोकांनी थेट निवडून दिलेल्या, फार कर्तबगार म्हणून ऐकत होते. सव्वीस तारखेला कामानिमित्त माळगावात होते, तर ग्रामसभा चालू होती.

काय पाहिलं म्हणशील? बाई खुर्चीत, समोर बघत ताठ बसलेल्या. शेजारी त्यांचे यजमान, बालाजीराव. कागद आला की बालाजीराव तो वाचणार, बाईंच्या कानाला लागणार. बाई मान हलवणार. मग बालाजीराव त्यांचं बोट धरून कागदावर नेऊन ठेवणार, आणि बाई तिथं सही करणार. बोट धरून, जाई! पहिलीतल्या मुलाला मी ‘ग’ गिरवायला शिकवावं तसं. सही बाईंची, कारभार यजमानांचा. सरपंच कोण हे शेंबडं पोरही सांगेल.

ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या शास्त्रात ज्याला प्रत्यक्ष प्रमाण म्हणतात, ते हे. माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलेलं.

वापर हवं तर. माझं नाव नको.

वनमाला आत्या


धाराशिव,
६ फेब्रुवारी

ती. आत्या,

आज साष्टांग! मान दुखली तरी चालेल.

मंगळवारचं चित्र पाहिलंत ना? पहिल्या चौकटीत बालाजीराव बाईंच्या कानाला लागलेत, आणि त्यांची मिशी इतकी लांब की ती बाईंच्याच ओठावर आल्यासारखी दिसते. दुसऱ्या चौकटीत बाईंच्या हातात पेन, पेनाला दोरी, दोरी बालाजीरावांच्या अंगठ्याला. तिसऱ्या चौकटीत काळी ठरावांची वही खातेय आणि खुर्ची रिकामी. खुर्चीखाली फक्त पुरुषाच्या चपला.

ऑफिसात बिभीषण सर एवढे हसले की फुली मारताना तक्ता फाटला. सत्तेबाहेरच्यांवर पहिल्यांदा असं चित्र जमलं. दुपारपर्यंत ते सगळ्या मोबाइलांवर फिरलं. माळगावात शरणबसप्पा म्हणून मथुराबाईंच्या विरोधातल्या पॅनेलचे पुढारी आहेत, त्यांनी त्याच्या पाचशे झेरॉक्स काढून घरोघर वाटल्या. शेळीच्या झेरॉक्स, आत्या! इतके दिवस माझं चित्र लोक चहासोबत बघायचे आणि त्याच पेपरात भजी बांधायचे. पहिल्यांदा कुठंतरी काही हललं.

शनिवारसाठी अजून काही आहे का?

जाई


तुळजापूर,
७ फेब्रुवारी

चि. जाई,

चित्र पाहिलं. वहीत चिकटवलं. मिशी उत्तम.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत ते भिंतीवर लागलं आहे. माळगावची दीपाली माझ्या नववीत आहे. ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर असायची, कालपासून शेवटच्या बाकावर बसते. मी विचारलं, "का गं, फळा दिसतो का तिथून?" म्हणाली, "दिसतंय बाई, लांबून जास्त चांगलं दिसतंय." हे काय उत्तर झालं? ती मथुराबाईंची पुतणी आहे हे मला नंतर कळलं.

शनिवारसाठी काही नाही.

आत्या


धाराशिव,
१८ फेब्रुवारी

ती. आत्या,

मधे पत्र नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

माळगावच्या नऊ सदस्यांपैकी सात जणांनी मथुराबाईंवर अविश्वास ठराव आणला आणि मंजूर केला. थेट निवडून आलेल्या सरपंचाला काढायचं तर पुढं ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावं लागतं. ते चार मार्चला आहे. ठरावाच्या कागदाला शरणबसप्पांनी माझं चित्र जोडलंय. ‘सरपंच स्वतः कारभार करत नाहीत,’ याचा पुरावा म्हणून.

मला आधी अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. मग रविवारी वाटलं, ज्यांची खुर्ची आपण रिकामी काढली त्यांना एकदा बघून तरी यावं. एसटीनं गेले.

मथुराबाई ओसरीवर बसून तूर निवडत होत्या. हातानं चाचपून. मी नाव सांगितलं.

"तू व्हय ती शेळीवाली?" म्हणाल्या. "बस. च्या घेशील का शेळीसारखा कागूदच खातीस?"

बालाजीराव आत निघून गेले. बाई म्हणाल्या, "त्यांना राग आलाय. मिशीचा. तुझ्या चित्रात लई लांब हाय म्हणं. खरं तर त्यांना मिशी राखायचीच हौस, पर येत न्हाय नीट."

मी हसले, आणि मग हसता येईना. त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या, पण नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं, भिंतीवर होती.

आत्या, त्यांना दिसत नाही. साखरेच्या आजारानं दोन वर्षांत डोळ्यांचे पडदे गेले. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, अक्षर नाही. बालाजीराव कागद वाचून दाखवतात आणि सहीच्या जागेवर बोट नेऊन ठेवतात.

तेवढ्यात ग्रामसेवक पाणीपुरवठ्याचं अंदाजपत्रक घेऊन आले. बालाजीराव बाहेर येऊन वाचायला लागले. बाई तूर निवडतच होत्या. मधेच म्हणाल्या, "थांबा. गेल्या महिन्यात पाइप अडीच इंची म्हणालते. आता दोन इंची कसा झाला?" ग्रामसेवक म्हणाले, टायपिंगची चूक असेल. "आसंल. मग टायपिंग नीट करून आना, सही त्याच्यावर करते. आन् सहाव्या कलमात वस्तीवरची जोडणी ऱ्हायली, ती घाला." पंधरा मिनिटांत त्यांनी तो कागद तीनदा परत पाठवला. बालाजीरावांनी वाचण्यापलीकडं एक शब्द उच्चारला नाही.

मी म्हणाले, "काकू, मी उद्याच छापते, की तुम्हाला दिसत नाही म्हणून..."

"खबरदार!" तुरीचं सूप बाजूला सारलं त्यांनी. "आंधळी म्हनून मत नको मला. आज कीव करून खुर्चीवर बशिवतील, उद्या कीव करूनच उतरिवतील. माझ्या डोळ्याचं तुझ्या पेपरात दिसलं तर याद राख."

मी शब्द दिलाय.

आज बिभीषण सरांना चूक छापू या म्हणाले, कारण न सांगता. सर म्हणाले, "बातमीला खुलासा असतो, चित्राला नसतो. आणि खुलासा छापला तर तो तक्त्यात कुठं लिहू? बाहेरच्यांच्या बाजूनं झालं की ते."

मला एकच विचारायचंय. तुम्ही दोन डोळ्यांनी पाहिलं म्हणालात. नेमकं किती पाहिलंत?

जाई


तुळजापूर,
२० फेब्रुवारी

चि. जाई,

पाच मिनिटं पाहिलं. खिडकीतून.

आता पूर्ण सांगते, कारण अर्धं सांगण्याचा परिणाम आपण दोघींनी पाहिला. माळगावात माझं ‘काम’ म्हणजे उन्हाळ्यातल्या संस्कृत संभाषण शिबिरासाठी समाजमंदिर मागणं. मी अर्ज घेऊन ग्रामसभेआधी मथुराबाईंना भेटले. त्यांनी अर्ज वाचून घेतला आणि सरळ सांगितलं, "बाई, त्या तारखांना बचत गटाच्या बायका येतात शिवणकामाला. संस्कृत लई चांगलं, पर ते पुढच्या महिन्यात बोललं तर जुनं होतंय का?" बाजूची माणसं हसली. मी तुळजापुरातल्या चार पिढ्यांच्या पुजारी घराण्यातली विदुषी, माझं हसं झालं. मी तणतणत बाहेर आले, सभा सुरू झाल्यावर खिडकीतून मागं वळून पाहिलं, आणि मला जे पाहायचं होतं ते दिसलं.

बोट धरलेलं दिसलं, हे प्रत्यक्ष. कारभार यजमानांचा, हे माझं अनुमान. आणि अनुमानाच्या पोटात राग. तू मात्र माझं बोलणं आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या माणसाचा शब्द, म्हणून घेतलंस. एका पत्रात तीन प्रमाणांची इतकी सुंदर वाट तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं लावली नसेल. त्यांनी माझा अर्ज माझ्यासमोर वाचून घेतला होता, जाई. त्यावरच मला कळायला हवं होतं.

तुझी चूक एवढीच की तुला मंगळवार भरायचा होता. सत्तेबाहेरच्यांचा दोष सापडला नाही, म्हणून तू माणूस शोधलास. फुली आधी मारली, चित्र मागून काढलं. तुझ्या संपादकांना हेही सांग. आणि खुलाशाचं म्हणशील तर तो मथुराबाईंवर काढायचाच नाही. ज्यांनी चूक केली त्यांच्यावर काढ. एक चष्मेवाली बाई, अंबाडा घातलेली, खिडकीतून डोकावते आहे. लोकांना ओळखू येईल इतकी स्पष्ट काढ. माझं नाव नको म्हणाले होते, आता हवं आहे.

मी उद्या माळगावला जाते. वर्गात दीपालीसमोर उभी राहते, मग तिच्या काकूसमोर उभं राहायला काय हरकत आहे?

आत्या


धाराशिव,
२७ फेब्रुवारी

ती. आत्या,

छापलं. मंगळवारी.

बिभीषण सरांना तुमचं पत्र दाखवलं. ‘फुली आधी, चित्र मागून’ या वाक्यापाशी ते थांबले. मग म्हणाले, "या बाई आपल्याकडं कॉपी तपासायला येतील का?" तरी चित्र हातात घेऊन तक्त्यासमोर दहा मिनिटं उभे होते. "ह्याची फुली कुठं मारू?" शेवटी पट्टी घेतली, उजवीकडं तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘आपण.’

तुम्ही पाहिलंच असेल. खिडकीतून डोकावणारी चष्मेवाली बाई आणि पेन्सिलवाली मुलगी, भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं. मग मुलगी घाईघाईनं चित्र काढतेय. तिसऱ्या चौकटीत काळी चार फेब्रुवारीचं चित्रच खातेय. खाली ओळ: ‘ते चित्र अपुरं पाहून काढलं होतं. चूक पाहणाऱ्यांची आणि काढणारीची.’ डोळ्यांबद्दल अक्षर नाही.

पण आत्या, एकही फोन आला नाही. मोबाइलवर फिरलं नाही. शरणबसप्पांनी झेरॉक्स काढल्या नाहीत. चूक पाचशे घरांत गेली, माफी पेपर घेणाऱ्या चाळीस घरांत. चार तारखेला काय होईल?

जाई


तुळजापूर,
५ मार्च

चि. जाई,

माझं नाक तू वाजवीपेक्षा मोठं काढलंस. मुख्याध्यापकांनी चित्र पाहून विचारलं, "ह्या आपल्या वनमालाबाई नव्हेत?" मी म्हणाले, "नाकाखेरीज सगळं माझं आहे."

एकवीस तारखेला मथुराबाईंसमोर उभी राहून चूक कबूल केली, पण चाळीस घरांचं गणित मलाही सुचलं होतं. म्हणून तुझ्या चित्राच्या पाचशे झेरॉक्स मी काढल्या. रविवारी दीपाली आणि मी माळगाव घरोघर फिरलो. दार उघडलं की मी सांगायची, "ह्यातली चष्मेवाली मी." लोक एकदा चित्राकडं, एकदा माझ्याकडं बघायचे. एक म्हातारे म्हणाले, "बाई, आमच्या गावात चूक करणारे लई झाले, पर चुकीचा फोटू घेऊन दारोदार फिरनारी तुमीच पयल्या." कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.

काल मतदान झालं. मी गावची मतदार नाही, तेव्हा शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होते. यावेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तीन तास दहा मिनिटं. तहसीलमधून आलेल्या अधिकाऱ्यांनी ठराव वाचला. शरणबसप्पा बोलले, "सरपंच बाईंच्या हातात पेन हाय, पर पेनाची दोरी कुनाच्या हातात हाय ते पेपरात आलंय."

मग मथुराबाई उठल्या. कागद नाही, काही नाही. दोन वर्षांतले एकवीस ठराव तारखेसकट तोंडपाठ सांगितले. कुणी मांडला, कुणी विरोध केला, तेही. शरणबसप्पांनी ज्या चार ठरावांना स्वतः हात वर केला होता ते जरा सावकाश सांगितले. लोक हसायला लागले. आणि मग, जाई, त्यांनी स्वतःच सांगितलं.

"दोरी न्हाय. मला दिसत न्हाय. दोन साल झालं. ह्ये वाचतेत, मी ठरिवते. त्या शेळीवालीला ठाऊक होतं. छापलं आस्तं तर तिची चूक झाकली आस्ती, तुमाला माझी कीव आली आस्ती. मी नको म्हनले, तिनं शबुद पाळला. आता माझं मी सांगते. ज्याला आंधळी सरपंच नको त्यानं उघड मनानं माझ्या इरोधात टाका. पर बिनडोक म्हनून टाकू नका."

ठरावाच्या बाजूनं दोनशे शहाऐंशी. विरोधात चारशे अकरा. मथुराबाई खुर्चीवर आहेत.

निघताना मी पुढं झाले. "समाजमंदिर वीस तारखेनंतर मोकळं हाय," त्या म्हणाल्या. "शनिवारी या. पर बचत गटाच्या बायकांनाबी शिकवायचं."

आत्या


धाराशिव,
१७ मार्च

ती. आत्या,

चारशे अकरा! मी ऑफिसात ओरडले.

आता दुसरंच संकट आहे. काल जळकोटकडून येताना माळगावच्या फाट्यावर उतरले. तिथं मथुराबाईंच्या विजयाचा फ्लेक्स लागलाय. मी टेप लावून मोजला, कारण आता मी मोजल्याशिवाय काही मानत नाही. वीस फूट उंच, बारा फूट रुंद. त्यात बाईंचा चेहराच नऊ फूट. मागं सूर्य उगवलाय, पायाशी पाण्याची टाकी, आणि खाली लिहिलंय ‘माळगावची महाराणी’. फाट्यावरच्या एसटी थांब्याची पाटी त्यामागं पूर्ण झाकली गेलीय. माझ्यासमोर दोन माणसं चुकून पुढच्या फाट्यावर गेली.

तीन तास तिथं बसून पाहिलं. चौकशी केली. फ्लेक्स पंचायतीचा नाही, त्यांच्याच पॅनेलनं हौसेनं लावलाय. बाईंना विचारून लावलाय, हेही खात्रीनं कळलं.

विषय शेळीचाच आहे, आत्या. पण तीन आठवड्यांपूर्वी ज्यांची माफी मागितली त्यांच्यावर लगेच? सर म्हणतात, "तुझं तू ठरव. मी आता चित्र झाल्यावरच स्केचपेन उघडतो."

जाई


तुळजापूर,
१९ मार्च

चि. जाई,

न पाहिलेल्याची माफी मागितलीस. पाहिलेल्यावर गप्प बसायचं वचन कुणाला दिलं नाहीस. तसं केलंस तर कीवच झाली, आणि कीव नको असं त्या बाईंनी सातशे माणसांसमोर सांगितलं आहे.

काढ. शनिवारी मी तिथंच असेन, माझ्या वाट्याची बोलणी मी खाईन.

आत्या


तुळजापूर,
२३ मार्च

चि. जाई,

काल शिबिराचा पहिला दिवस. मथुराबाई पहिल्या रांगेत, मांडी घालून. बालाजीराव पेपर घेऊन आले तेव्हा मी नमस्कार कसा करायचा ते सांगत होते. बायकांमध्ये कुजबुज आधीच पोचली होती.

"शेळी आलीया म्हनं माझ्यावर," मथुराबाई म्हणाल्या. "वाचा."

बालाजीरावांनी चष्मा पुसला. "हाय आपलं. तुझा फ्लेक्स हाय, आन् शेळी हाय."

"शेळी काय करतीया?"

"हुबी हाय."

"शेळी कधी नुसती हुबी ऱ्हाती का? खातीया का?"

"जराशी. कोपरा."

"आन् बाकीचं?"

"लोकं येष्टीची पाटी हुडकाय लागलेत. बाकी काय न्हाय. लई चांगलं काढलंय तुला."

मथुराबाई माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "बाई, तुमी सांगा. त्यो फोटू माझा केवढा हाय?"

अख्खं समाजमंदिर माझ्याकडं बघत होतं, बालाजीराव सोडून. ते जमिनीकडं बघत होते. मी येताना फाट्यावर उतरूनच आले होते.

"तुमच्या घराच्या दारापेक्षा उंच," मी म्हणाले. "नुसता चेहरा. मागं सूर्य आहे, आणि तो चेहऱ्यापेक्षा लहान आहे. खाली ‘महाराणी’ लिहिलं आहे. थांब्याची पाटी झाकली आहे. चित्रात शेळी कोपरा नाही, तुमची उजवी भुवई खाते आहे."

बाईंनी आधी उजव्या भुवईवर हात नेला. मग हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, थांबेचनात.

"ह्ये मला म्हनले, घरातल्या क्यालेंडरएवढा हाय. मी म्हनले लावा. पंधरा दिस झाले, शंभर मानसं घरी येऊन गेली, यकानं सांगितलं न्हाय." मग यजमानांकडं वळल्या. "सांजच्याला उतरवा त्यो. आन् पाटी पुसून घ्या."

बालाजीराव उठले. दाराशी थांबून म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हनून बोललो."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. ते गेल्यावर माझा हात चाचपून धरला, आणि हळू नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पंचायतीचे कागूद ते वाचतील, त्यात त्यांची काना-मात्रा चुकत न्हाय. पर शेळी माझ्यावर आली की वाचायला तुमी येत जा, बाई. त्यांची माझ्यावर लई माया हाय."

मी हो म्हणाले आहे. तेव्हा पुढं कधी त्यांच्यावर काढलंस तर आदल्या दिवशी कल्याणप्पाला सांगून ठेव. मला सकाळची पहिली एसटी धरावी लागेल.

वनमाला आत्या